सर्टिफिकेट आधी की नोकरी आधी? सॅन अँटोनिओची गोष्ट

पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

सध्या आपल्याकडे चौकाचौकात रोजगार मेळाव्याचे फ्लेक्स लागलेत. कुठे कौशल्य विकास, कुठे मोफत प्रशिक्षण, कुठे "शंभर टक्के नोकरीची हमी". मी काही वर्षं या प्रशिक्षणाच्या धंद्याच्या आसपास काम केलंय. सर्टिफिकेट वाटपाचा फोटो किती उत्साहाने काढला जातो आणि सहा महिन्यांनी त्या फोटोतली पोरं कुठे आहेत हे विचारलं की सगळे कसे छताकडे बघतात, हे दोन्ही जवळून पाहिलंय. म्हणून अमेरिकेतल्या लॅटिनो, त्यातही मेक्सिकन-अमेरिकन लोकांच्या नोकरी-प्रशिक्षणाचा इतिहास वाचायला घेतला तेव्हा पानापानावर थांबत होतो. देश वेगळा, भाषा वेगळी. फ्लेक्स मात्र तोच.

सुरुवात करू १९४२ पासून. दुसरं महायुद्ध चालू, अमेरिकेतले तरुण सैन्यात, शेतात माणूस नाही. अमेरिकेने मेक्सिकोशी करार केला आणि मजूर आणायला सुरुवात केली. या मजुरांना म्हणायचे 'ब्रासेरो'. स्पॅनिशमध्ये ब्रासो म्हणजे बाहू. म्हणजे माणूस नाही, नुसते हात बोलावले होते. भरती केंद्रावर अधिकारी खरोखरच तळहात चाचपून बघायचे. घट्टे असले तर हा शेतावरचा, पास. हात मऊ लागले तर घरी जा. सीमेवर अंगावर डीडीटीची पावडर फवारायचे. युद्ध संपलं तरी योजना संपली नाही. १९६४ पर्यंत चालली आणि तोवर ४५ लाखांच्या आसपास करार झाले. एकच माणूस अनेकदा यायचा, त्यामुळे माणसं तेवढी नव्हती, पण आकडा लक्षात घ्या.

सुरुवातीच्या वर्षांत या मजुरांच्या पगारातले दहा टक्के कापून 'बचत' म्हणून मेक्सिकोतल्या बँकांकडे पाठवले जात. गावी परतल्यावर मिळणार होते. बऱ्याच जणांना मिळालेच नाहीत. म्हातारे झाले, काही वारले, मग मुला-नातवंडांनी कोर्टकचेऱ्या केल्या. २००८ मध्ये तडजोड झाली ती माणशी ३५०० डॉलरची, तीही कागदपत्रं दाखवू शकणाऱ्यांना. साठ वर्षांपूर्वीची पगाराची चिठ्ठी कोणाच्या घरात सापडते हो?

१७ सप्टेंबर १९६३ ला कॅलिफोर्नियात चुआलार नावाच्या गावाजवळ रेल्वे फाटकावर मजुरांची गाडी आगगाडीखाली सापडली. बस नव्हती ती, ट्रकवर बाकडी टाकून केलेली सोय होती. ३२ माणसं गेली. एर्नेस्टो गलार्सा नावाच्या अभ्यासकाने त्याची चौकशी करून अहवाल लिहिला. स्वतः मेक्सिकोतून लहानपणी आलेला, शेतात राबलेला आणि पुढे डॉक्टरेट मिळवलेला माणूस. ब्रासेरो योजना बंद पडण्यामागे त्याच्या अनेक वर्षांच्या लिखाणाचा मोठा वाटा आहे.

आता तुम्ही म्हणाल, यात प्रशिक्षण कुठे आलं? तेच सांगतोय. नव्हतंच. सरकारच्या डोक्यात मेक्सिकन माणूस म्हणजे हात असं बसलेलं होतं, आणि हाताला कोण शिकवतं? अमेरिकेतच जन्मलेल्या, युद्धात लढून आलेल्या मेक्सिकन-अमेरिकन माणसाचीही तीच तक्रार होती, की सरकारी एम्प्लॉयमेंट ऑफिसात गेलं तर चेहरा बघून शेतावर धाडतात.

या तक्रारीला आवाज मिळाला तो दोन संघटनांमुळे. एक लुलॅक, १९२९ साली टेक्सासमधल्या कॉर्पस ख्रिस्ती गावात निघालेली. दुसरी अमेरिकन जीआय फोरम, त्याच गावात १९४८ साली डॉ. हेक्टर गार्सिया यांनी माजी सैनिकांसाठी काढलेली. १९४९ मध्ये फिलिपाइन्समध्ये लढताना मारल्या गेलेल्या फेलिक्स लाँगोरिया या सैनिकाच्या अंत्यविधीसाठी त्याच्याच गावच्या अंत्यसंस्कार गृहाने जागा नाकारली. कारण काय, तर गोऱ्या लोकांना आवडणार नाही. डॉ. गार्सियांनी तारा केल्या आणि टेक्सासच्या एका नव्या सिनेटरने त्या सैनिकाचं दफन आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय स्मशानभूमीत करवून घेतलं. तो सिनेटर म्हणजे लिंडन जॉन्सन. तरुणपणी जॉन्सनने कोटुला गावच्या मेक्सिकन मुलांच्या शाळेत मास्तरकी केली होती. पुढे हाच माणूस राष्ट्राध्यक्ष झाला आणि त्याने गरिबीविरुद्ध मोहीम काढली, तेव्हा या मंडळींना वाटलं, आता आपला नंबर.

नंबर आपोआप लागला नाही. मार्च १९६६ मध्ये नोकरीतला भेदभाव बघणाऱ्या केंद्रीय आयोगाने अल्बुकर्कीला बैठक बोलावली. आयोगावर मेक्सिकन-अमेरिकन एकही सदस्य नव्हता. आलेले पन्नासेक प्रतिनिधी सरळ उठून बाहेर पडले. ही सगळी कोटटायवाली, 'साहेब, निवेदन देतो' म्हणणारी मंडळी. ती उठली म्हणून वॉशिंग्टनला धक्का बसला. पुढच्या वर्षी जीआय फोरमचे व्हिसेंते हिमेनेस आयोगावर गेले.

याच काळात लुलॅक आणि जीआय फोरमने मिळून नोकरी मिळवून देणारी योजना उभी केली. नाव 'सेर'. इंग्रजीत ते सेवा, रोजगार आणि पुनर्विकास यांच्या आद्याक्षरांचं आहे, पण स्पॅनिशमध्ये सेर म्हणजे 'असणे'. नाव ठेवणाऱ्याला शंभर मार्क. आधी स्वयंसेवकांनी चालवलेली नोंदणी केंद्रं होती, मग केंद्राचे पैसे आले, मग राज्याराज्यांत शाखा झाल्या. स्पॅनिश बोलणारा माणूस टेबलापलीकडे बसलाय आणि तो तुला शेतावर धाडणार नाहीये, एवढीच गोष्ट त्या काळात मोठी होती.

सेरइतकीच महत्त्वाची, आणि माझ्या मते जास्त शिकण्यासारखी, दुसरी संस्था १९६७ मध्ये कॅलिफोर्नियात सॅन होजेला निघाली, सेंटर फॉर एम्प्लॉयमेंट ट्रेनिंग. आज सॅन होजे म्हटलं की आपल्याला सिलिकॉन व्हॅली आणि आपले आयटीवाले भाऊ-वहिनी आठवतात. तेव्हा तिथे फळबागा आणि डबाबंद फळांचे कारखाने होते. पूर्व भागातल्या एका वस्तीचं नावच 'साल सि प्वेदेस', म्हणजे जमलं तर निघून दाखव! सेझर चावेझ याच वस्तीत राहिलेले. फादर अँथनी सोटो आणि रसेल टर्शी या दोघांनी तिथल्या शेतमजुरांसाठी हे केंद्र काढलं.

त्यांची पद्धत ऐका. प्रवेश परीक्षा नाही. वाचता येतं का, इंग्रजी येतं का, काही विचारायचं नाही. बॅच नाही, आज आलास तर आज सुरू कर, काम यायला लागलं की बाहेर पड. "आधी सहा महिने इंग्रजी शीक, मग वेल्डिंग" असला प्रकार नाही. वेल्डिंग शिकतानाच वेल्डिंगपुरतं इंग्रजी आणि वेल्डिंगपुरतं गणित. शिकवणारे मास्तर कारखान्यातून आलेले, आणि कुठला कोर्स चालवायचा, कुठला बंद करायचा हे ठरवताना आसपासच्या कारखानदारांना सोबत घेतलेलं. वर्ग कामाच्या वेळेसारखे, दिवसभर. आपल्याकडे तेलुगू किंवा कन्नड घरात बोलणाऱ्या बाईला आपण आधी मराठी फॉर्म भरायला लावतो आणि मग इंग्रजी पुस्तकातून शिवणकाम शिकवतो. त्यांना हे उलटं चाललंय हे १९६७ मध्ये कळलं होतं.

१९९३ मध्ये शाळा सोडलेल्या तरुणांसाठीच्या तेरा ठिकाणच्या कार्यक्रमांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. अर्ज करणाऱ्यांतून चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले, एकाला प्रशिक्षण, दुसऱ्याला नाही, आणि काही वर्षं दोघांची कमाई मोजली. एकूण निकाल यथातथाच. फक्त सॅन होजेत फरक डोळ्यात भरण्यासारखा, शेवटच्या दोन वर्षांत मिळून माणशी सहा हजार डॉलरपेक्षा जास्त.

झालं! सरकार खूश. हे मॉडेल देशभर न्या म्हणून आदेश निघाला, बारा ठिकाणी केंद्रं काढली. २००५ मध्ये त्याचा निकाल आला आणि टिकणारा फायदा काही दिसला नाही. बऱ्याच ठिकाणी मूळ पद्धत पाळलीच नव्हती. पाटी तीच, आत वेगळंच. त्यात जमानाही बदलला होता, कंट्रोल गटातली पोरंही आता दुसरीकडे कुठे ना कुठे शिकत होती. 'अमुक पॅटर्न राज्यभर राबवणार' अशी घोषणा ऐकली की मला हा अहवाल आठवतो. सॅन होजेच्या केंद्रामागे पंचवीस वर्षांची कारखानदारांशी असलेली ओळख होती. जीआर काढून ओळख होत नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

जानेवारी १९९०. टेक्सासमधलं सॅन अँटोनिओ. सार्सामोरा रस्त्यावर (सार्सामोरा म्हणजे ब्लॅकबेरी, रस्त्यांची नावं फार गोड आहेत त्या गावात) लीव्हाय स्ट्रॉस कंपनीचा शिवण कारखाना. एका सकाळी कामगारांना एकत्र बोलावून सांगितलं की कारखाना बंद होतोय. ११०० च्या वर नोकऱ्या गेल्या, बहुतेक मेक्सिकन-अमेरिकन बायका. काम गेलं कोस्टा रिका आणि डॉमिनिकन रिपब्लिकला, जिथे मजुरी स्वस्त. कंपनी तोट्यात नव्हती, चांगली नफ्यात होती.

गिरणगाव किंवा सोलापूर ज्यांनी पाहिलंय त्यांना पुढचं सांगायला नको. आमच्याकडे १९८२ चा संप झाला, गिरण्या गेल्या आणि माणसं वडापावच्या गाडीवर, वॉचमनच्या खुर्चीत नाहीतर गावाकडे गेली. पुनर्प्रशिक्षण हा शब्द फायलीत होता.

सॅन अँटोनिओतही काही बायकांनी 'फुएर्सा उनिदा' नावाची संघटना काढली, बहिष्काराची हाक दिली, कंपनीच्या मुख्यालयावर सॅन फ्रान्सिस्कोला जाऊन धडकल्या. त्यांची लढाई मोठी आणि वेगळी आहे, तिच्यावर स्वतंत्र लिहीन.

पण शहरात आणखी एक ताकद होती, कॉप्स. १९७४ मध्ये एर्नेस्टो कोर्तेस या संघटकाने पश्चिम भागातल्या कॅथलिक चर्चच्या वस्त्यांमधून ती बांधली. सुरुवात कशावरून, तर गटारींवरून. पाऊस आला की मेक्सिकन वस्तीत पाणी शिरायचं आणि नगरपालिका म्हणायची पैसे नाहीत. १९७५ मध्ये या लोकांनी काय केलं बघा. शहरातल्या बड्या कापड दुकानात शेकडो जण गेले आणि दिवसभर कपडे अंगावर घालून बघत राहिले, घेतलं काहीच नाही. दुसरा जथा फ्रॉस्ट बँकेत गेला, रांगेत उभं राहून नोटा देऊन सुटे पैसे घ्यायचे, परत रांगेत लागून सुट्यांच्या नोटा घ्यायच्या. बाकी गिऱ्हाइकांना काउंटरच मिळेना. कायदा कुठेही मोडला नाही! मला हे फार आवडतं.

तर १९९० मध्ये ही कॉप्स आणि तिची जोडीदार मेट्रो अलायन्स कामाला लागल्या. त्यांनी सुरुवातीला कोर्स काढला नाही. घराघरांत बैठका घेतल्या आणि विचारलं, तुम्ही आधी कुठलं ट्रेनिंग घेतलंय? त्याचं काय झालं? घरोघरी तेच उत्तर. घेतलंय, सर्टिफिकेट आहे, कपाटात आहे.

असं का होत होतं? त्या वेळी १९८२ चा केंद्राचा प्रशिक्षण कायदा लागू होता. त्यात प्रशिक्षण देणाऱ्याला मोजलं जायचं ते किती स्वस्तात आणि किती लवकर माणूस कुठेतरी चिकटवला यावर. मग संस्था काय करणार? दुधावरची साय तेवढी घेणार. ज्याला नोकरी तशीही लागली असती त्याला प्रवेश द्यायचा, चार आठवड्यांचा कोर्स करायचा, कुठल्याही दुकानात लावून टाकायचं, आकडा पूर्ण. तीन महिन्यांनी तो माणूस परत रस्त्यावर, पण तोवर बिल पास झालेलं असतं. आपल्याकडच्या कुठल्याही केंद्रचालकाला गुपचूप विचारा, हे गणित तो तोंडपाठ म्हणून दाखवेल.

दुसरीकडे शहरातली हॉस्पिटलं नर्स मिळत नाहीत म्हणून बाहेरून भरती करत होती. म्हणजे नोकऱ्या होत्या. पण शिवणयंत्र ते नर्स या प्रवासाला दोन वर्षं लागतात आणि दोन वर्षांचे पैसे द्यायला कुठली योजना तयार नव्हती.

कॉप्सने मग मालकांना गाठलं. आधी नोकऱ्या द्या, मग माणसं तयार करतो. ठरावीक पगाराच्या, पुढे वाढ असलेल्या जागा कबूल करा. सुमारे ६५० जागांचं आश्वासन घेतलं. यामागे उभ्या राहिलेल्या व्यापारी मंडळींत फ्रॉस्ट बँकेचे टॉम फ्रॉस्टही होते. हो, तीच सुट्या पैशांची बँक! पंधरा वर्षांत भांडणातून ओळख झाली होती. त्या जागांचा कागद घेऊन हे लोक गव्हर्नर अ‍ॅन रिचर्ड्स यांच्याकडे आणि महापालिकेकडे गेले, पैसे मिळवले आणि १९९२ मध्ये 'प्रोजेक्ट क्वेस्ट' सुरू झाला.

क्वेस्टने स्वतःची शाळा बांधली नाही. शहरात सरकारी कम्युनिटी कॉलेजं होतीच, तिथेच लोकांना घातलं. फी, पुस्तकं, बसभाडं, मूल सांभाळायचा खर्च, गणितात कच्च्या असलेल्यांची उजळणी हे सगळं क्वेस्टने बघायचं. प्रत्येकामागे एक समुपदेशक. आणि आठवड्याला एक बैठक सक्तीची. नवऱ्याने सोडलं, गाडी बंद पडली, आई आजारी, परीक्षेत नापास, जे असेल ते तिथे बोलायचं. गरीब घरातलं माणूस कॉलेज सोडतं ते बहुतेक वेळा अभ्यासामुळे नाही, बंद पडलेल्या गाडीमुळे सोडतं. ही गोष्ट घराघरांतल्या बैठकांत कळते, मंत्रालयात कळत नाही.

खर्च माणशी दहा हजार डॉलरच्या घरात. टीका झालीच, एवढे पैसे एका माणसावर? मग २००६ ते २००८ दरम्यान ४०० च्या वर अर्जदारांवर तीच चिठ्ठ्यांची चाचणी झाली. बहुतेक लॅटिनो बायका, नर्सिंग आणि हॉस्पिटलातल्या कामांसाठी आलेल्या. पहिल्या वर्षी क्वेस्टवाल्यांची कमाई दुसऱ्या गटापेक्षा कमी निघाली. साहजिक आहे, त्या शिकत होत्या. एक वर्षाचा अहवाल मागणारा अधिकारी असता तर योजना तिथेच बंद केली असती. नंतर मात्र त्या पुढे गेल्या आणि नऊ वर्षांनंतरही वर्षाला पाच हजार डॉलरच्या आसपास जास्त कमावत होत्या. एवढी वर्षं टिकलेला फरक या क्षेत्रात फार क्वचित सापडतो.

तिकडे सीमेवर एल पासोला नेमकं उलटं घडलं. १९९४ मध्ये मेक्सिकोशी खुला व्यापार सुरू झाला आणि कपड्यांचे कारखाने धडाधड पलीकडे गेले. कायद्यात विस्थापित कामगारांच्या प्रशिक्षणाची तरतूद होती, पैसाही आला. पण स्पॅनिशच बोलणाऱ्या चाळिशी-पन्नाशीच्या बायकांना इंग्रजीच्या वर्गात बसवलं, मुदत संपली, भत्ता संपला. इंग्रजी आलं नाही आणि नोकरीही नाही. 'ला मुहेर ओब्रेरा' या बायकांच्या संघटनेने यासाठी रस्ते अडवले. १९९८ मध्ये क्वेस्टच्या धर्तीवर तिथे 'प्रोजेक्ट अरीबा' निघाला, पण तोवर पुष्कळ उशीर झाला होता.

आणि क्वेस्टबद्दलही एक गोष्ट सांगायलाच हवी, कौतुकाच्या लेखांत ती बारीक अक्षरात असते. क्वेस्टला प्रवेश घ्यायचा तर बारावी किंवा तिच्या तोडीची परीक्षा पास लागते. लीव्हायच्या मशीनवर वीस-वीस वर्षं काढलेल्या, शाळा अर्धवट सुटलेल्या बाईला ही अट कशी झेपणार? ज्या कारखान्याच्या बंद दरवाज्यातून ही सगळी धडपड सुरू झाली, तिथल्या बऱ्याच बायकांच्या मुली नर्स होऊ शकतात. त्या स्वतः नाही. सॅन होजेचं 'काही विचारू नका' आणि सॅन अँटोनिओचं 'दोन वर्षं घ्या', हे दोन्ही एकाच छताखाली मोठ्या प्रमाणावर अजून कुणाला नीट जमलेलं मला दिसलं नाही.

शिवाय ज्यांच्याकडे कामाचा परवाना नाही, त्यांना २०१४ च्या सध्याच्या कायद्यातलं प्रशिक्षण मिळतच नाही. ते लोक पहाटे मोठ्या हार्डवेअर दुकानांबाहेर कोपऱ्यावर उभे राहतात, आपल्या मजूर नाक्यासारखेच. त्यांच्यासाठी काही शहरांत संघटनांनी मजूर केंद्रं काढली, पाणी, सावली, नंबराप्रमाणे काम आणि मजुरी बुडवली तर वकील. मार्च २०२५ मध्ये इंग्रजी ही अधिकृत भाषा जाहीर करताना सरकारी सेवा इतर भाषांतही समजतील असं बघायला सांगणारा २००० सालचा आदेश रद्द झाला. म्हणजे टेबलापलीकडे स्पॅनिश बोलणारा माणूस बसवायचा की नाही, हा सेरच्या वेळचा प्रश्न पुन्हा टेबलावर आलाय.

लीव्हायचे अमेरिकेतले शेवटचे स्वतःचे शिवण कारखानेही सॅन अँटोनिओतच होते. ते जानेवारी २००४ पर्यंत बंद झाले. यावेळी शहरात क्वेस्ट होता, कॉलेजं होती, मागच्या वेळचा अनुभव होता. तरी पन्नाशीतली शिवणारी बाई तेव्हाही समोर उभीच होती.

आपल्या तालुक्यात एखाद्या केंद्राने आधी मालकाकडून जागा आणि पगार लेखी घेऊन मग बॅच सुरू केली असेल, तर नावासकट सांगा. मला ते केंद्र बघायला यायचंय.